निवासी मानसोपचार केंद्रातील परिचारिकांना मेटाबॉलिक सिंड्रोम कसा शिकवावा?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: तीव्र मानसिक आजार असलेल्या साठेक व्यक्ती आपल्या निवासी पुनर्वसन केंद्रात राहतात, त्यांतील बहुतेकांना ओलान्झापिन, क्लोझापिन, रिस्पेरिडोन यांसारखी मनोविकाराची औषधे वर्षानुवर्षे चालू आहेत, अलीकडे अनेकांची पोटे सुटली आहेत, काहींना मधुमेह निघाला आहे, आणि केंद्राला भेट देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी परिचारिकांना मेटाबॉलिक सिंड्रोमचे, म्हणजे पोटाची चरबी, साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी एकत्र बिघडण्याच्या विकाराचे, प्रशिक्षण द्यावे असे सुचवले आहे. हे प्रशिक्षण कशाचे, किती आणि कोणत्या रीतीने द्यावे, हा आपला प्रश्न. मानसोपचार शुश्रूषेत आणि परिचारिकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

वर्गाची तारीख ठरवण्याआधी केंद्राने एक गोष्ट लेखी ठरवावी: परिचारिकेने नोंदवलेला आकडा कोणाकडे जाणार आणि त्याचे पुढे काय होणार. नेहमीचा प्रकार असा होतो, की बाहेरून एखादे तज्ज्ञ येतात, तासाभराचे व्याख्यान होते, तो विकार ओळखण्याचे पाच निकष फळ्यावर लिहिले जातात, परिचारिका ते वहीत उतरवून घेतात, शेवटी छोटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. काही महिन्यांनी पाहिले तर वजनाची नोंदवही नीट भरलेली असते. पण एखाद्या रहिवाशाचे वजन तीन महिन्यांत सात किलोंनी वाढल्याचे त्याच वहीत दिसत असूनही ते कोणी कोणाला सांगितलेले नसते. परिचारिकेला निकष पाठ असतात. सांगायचे कोणाला, केव्हा, आणि सांगितल्यावर ते कोणी मनावर घेईल का, हे मात्र तिला माहीत नसते. म्हणून माझ्या मते या प्रशिक्षणाचा गाभा पाच निकष हा नसावा. प्रत्येक मोजमापासोबत कोणत्या आकड्याला थांबायचे, त्या वेळी स्वतः काय करायचे आणि किती वेळात कोणाला कळवायचे, या तीन गोष्टी तिच्या हातात देणे हा गाभा असावा.

तरीही सुरुवात ‘हे का करायचे’ येथूनच करावी लागते, कारण मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांच्या मनात शरीर दुय्यम ठरलेले असते. रहिवासी शांत आहे, झोपतो आहे, आवाज ऐकू येण्याची तक्रार करत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे, असे आपण धरून चालतो. तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा साधारण दहा ते वीस वर्षे आधी मृत्यू पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा शारीरिक कारणांनी होतात. अमेरिकेतील ‘केटी’ या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या सुमारे दीड हजार रुग्णांचा समावेश होता आणि त्यांतील जवळपास ४० टक्के जणांना अभ्यास सुरू होतानाच मेटाबॉलिक सिंड्रोम होता. हे आकडे परिचारिकांना सावकाश, त्यांच्याच वॉर्डातील माणसे डोळ्यांसमोर येतील अशा रीतीने सांगावेत. ज्या परिचारिकेला ‘माझा पेशंट मनाच्या आजाराने जाणार नाही, हृदयाच्या आजाराने जाईल’ हे एकदा पटते, तिला पुढचे फारसे पटवावे लागत नाही.

आता विकार नेमका काय, ते. पोटाभोवतीची चरबी, रक्तातील वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि कमी झालेले एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल या गोष्टी एकमेकींच्या सोबतीने येतात आणि त्यांच्या मुळाशी बहुधा इन्सुलिनला शरीराने द्यावयाचा प्रतिसाद मंदावलेला असतो. यांतील पोटाची चरबी सोडून बाकीच्या गोष्टींची ही सांगड अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ठळकपणे मांडली. २००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन जे निकष ठरवले, त्यांनुसार पाचांपैकी कोणतेही तीन असतील तर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणावे. आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा अधिक आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक. उपाशीपोटीची साखर १०० मि.ग्रॅ. किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी आधीच उपचार चालू असतील, तर आकडा आटोक्यात असला तरी तो निकष पूर्ण झाला असे धरतात. हे शेवटचे वाक्य परिचारिका हमखास विसरतात. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या रहिवाशाचा दाब १२० आला की त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहून मोकळ्या होतात.

युरोपीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९४ सेंटिमीटर धरतात, मग आपल्यासाठी ९० का, असे कोणीतरी विचारतेच आणि विचारायलाच हवे. याचे उत्तर देताना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण नेहमी देते. त्यांनी आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसत असतानाही आतून चरबी बाळगून असू शकतो, हे सांगायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘हा तर बारीक आहे, याला काय मोजायचे’ असे म्हणून कोणालाही वगळायचे नाही, आणि बीएमआय पाहायचाच असेल तर आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरायची.

औषधांबद्दल परिचारिकांना औषधशास्त्राचा पूर्ण धडा देण्याची गरज नाही, पण क्रम माहीत हवा. वजन आणि साखर वाढवण्यात क्लोझापिन आणि ओलान्झापिन सर्वांत पुढे आहेत. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधे येतात. अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांचा त्रास तुलनेने कमी असतो. सोडियम व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन आणि लिथियम यांनीही वजन वाढते, आणि आपल्याकडे ही औषधे एकत्र दिलेली असणे फार सर्रास आढळते. ‘केटी’ अभ्यासात ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढले आणि सुमारे ३० टक्के जणांचे मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून अधिक वाढले. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही ग्राहकांना (रिसेप्टर्सना) अडवतात, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि भूक पुनःपुन्हा लागते. शिवाय काही जणांत वजन फारसे न वाढताही साखर वाढते. याच्या जोडीला, या औषधांनी येणारा ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळीने तोंड कोरडे पडते आणि माणूस गोड चहाकडे किंवा सरबताकडे वळतो.

हा भाग शिकवताना वेळ घ्यावा, कारण येथे परिचारिकेची दृष्टी बदलते. रात्री दहा वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहणारा रहिवासी हावरट नसतो; त्याला लागलेली भूक औषधाने लावलेली असते. दिवसभर पलंगावर पडून असलेली बाई आळशी नसते. आजाराची नकारात्मक लक्षणे, म्हणजे इच्छा आणि उमेद हरपणे, आणि औषधाची गुंगी यांनी तिचा उत्साह ओढून घेतलेला असतो. ‘किती खातोस’, ‘जरा हलत जा’ ही वाक्ये ज्या केंद्रात सतत कानांवर पडतात, तेथे रहिवासी वजनाच्या काट्यावर उभे राहायलाही तयार होत नाहीत.

मोजमापाचे कौशल्य प्रत्यक्ष हात धरून शिकवावे लागते आणि त्यात सर्वांत अवघड आहे ते कमरेचा घेर. परकराची नाडी किंवा सलवार जेथे बांधतात, ती जागा मोजमापाची नसते. शेवटची बरगडी आणि नितंबाच्या हाडाची वरची कडा, या दोन्ही ठिकाणी बोट ठेवून त्यांच्या बरोबर मध्यावर टेप धरावी. ती पाठीमागूनही जमिनीला समांतर आहे ना हे पाहावे. रहिवाशाने पोट आत ओढलेले नसावे आणि श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग घेर कमी दाखवते, म्हणून न ताणली जाणारी टेप घ्यावी आणि अधूनमधून ती पट्टीशी ताडून पाहावी. स्त्री रहिवाशांचे मोजमाप स्त्री कर्मचाऱ्याने, आडोशाला, आधी विचारून करावे. आपल्या केंद्रांतील कित्येक स्त्रियांच्या पूर्वायुष्यात मारहाण आणि अत्याचार असतात. कमरेभोवती हात जाणे त्यांच्यासाठी साधी गोष्ट नसते, आणि कोणी नकार दिला तर त्या दिवशी तो नकार मानावा, ‘नाकारले’ अशी नोंद करावी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे. प्रशिक्षणात परिचारिकांनी एकमेकींचे घेर मोजावेत. दोन जणींच्या आकड्यांत फरक आला की जागा कोठे चुकते आहे ते त्यांचे त्यांनाच कळते.

वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चपला काढून, शक्यतो त्याच काट्यावर करावे. रक्तदाबाआधी पाच मिनिटे बसवावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, हात हृदयाच्या पातळीला असावा, अर्ध्या तासात चहा किंवा बिडी झालेली नसावी. जाड दंडाला यंत्राचा लहान कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लावला तर दाब खोटाच जास्त येतो, म्हणून मोठा कफ केंद्रात असायलाच हवा. क्लोझापिन, क्वेटियापिन किंवा रक्तदाबाचे नवीन औषध सुरू झालेल्यांचा दाब उभे करूनही घ्यावा, कारण उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका त्यांना जास्त असतो. उपाशीपोटीच्या रक्ताबाबत निवासी केंद्रांत एकच अडचण वारंवार येते: पहाटे साडेपाचला चहा वाटला जातो आणि सात वाजता प्रयोगशाळेचा माणूस येतो. नमुन्याच्या आदल्या रात्री रात्रपाळीच्या परिचारिकेकडे आणि स्वयंपाकघराकडे नावांची यादी द्यावी, आणि रक्त घेतल्याबरोबर त्या रहिवाशांना आधी चहा-नाश्ता द्यावा. ज्यांना उपाशी ठेवणे शक्यच नसते त्यांच्यासाठी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी उपयोगी पडते, मात्र रक्तक्षय असेल तर तिचा आकडा फसवू शकतो, हे डॉक्टरांना कळवताना सोबत लिहावे.

तपासण्या किती वेळा, याबाबत अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी २००४ मध्ये दिलेले वेळापत्रक अजूनही चांगला पाया आहे: औषध सुरू करण्यापूर्वी सर्व मोजमापे, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबीची तपासणी बाराव्या आठवड्याला. त्यानंतर साखर आणि रक्तदाब दर वर्षी. निवासी केंद्रात वजन आणि रक्तदाब दर महिन्याला घेणे सहज जमते, आणि मी तोच सल्ला देईन. चरबीची तपासणीही वर्षातून एकदा व्हावी. नवीन औषधाच्या पहिल्या महिन्यात मात्र वजन दर आठवड्याला घ्यावे. तेव्हा झपाट्याने वाढणारे वजन पुढच्या वाढीची आगाऊ सूचना देते आणि त्याच वेळी हस्तक्षेप सर्वांत सोपा असतो.

आता कृतीच्या मर्यादा. आपल्या डॉक्टरांबरोबर बसून त्या ठरवा आणि एका पानावर छापून नर्सिंग स्टेशनजवळ लावा. नमुन्यादाखल सांगते. औषध सुरू झाल्यापासून वजन ५ टक्क्यांनी वाढले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोंनी, की मनोविकारतज्ज्ञांना पुढच्या भेटीची वाट न पाहता आठवड्याच्या आत कळवायचे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ आली तर आहार आणि हालचालीची योजना सुरू करून डॉक्टरांच्या पुढील भेटीत मांडायचे. १२६ किंवा अधिक आली तर काही दिवसांत पुन्हा तपासून फिजिशियनकडे पाठवायचे. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा अधिक येत राहिला तर त्याच आठवड्यात. १८०/१२० च्या पुढे गेला तर तत्काळ.

आणि एक गोष्ट अशी, जी प्रत्येक परिचारिकेला आणि प्रत्येक मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) झोपेतून उठवले तरी सांगता यायला हवी. रहिवासी अचानक खूप पाणी पिऊ लागला, वारंवार लघवीला जाऊ लागला, किंवा खात असूनही बारीक होऊ लागला, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरने साखर तपासायची. मानसोपचार केंद्रांत नळाला तोंड लावून पाणी पिणारे रुग्ण नवे नाहीत आणि ‘त्याला पाण्याचा नादच आहे’ असे म्हणून विषय संपतो. तो नाद असेलही, पण साखर पाहिल्याशिवाय तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिन घेणाऱ्या काही जणांत पूर्वी मधुमेहाची कसलीही नोंद नसताना थेट कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे मधुमेहात रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, होतो. उलट्या, पोटदुखी, धाप, सुस्ती आणि सोबत वाढलेली साखर दिसली की १०८ ला फोन करून रुग्णालयात हलवायचे. डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट पाहायची नाही. याच्या उलट, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेला रहिवासी जेवला नाही आणि मग घामाघूम, थरथरणारा, चिडलेला किंवा गोंधळलेला दिसला, तर त्याला शांत करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वी साखर पाहायची. साखर ७० च्या खाली गेल्याची लक्षणे आणि मानसिक अस्वस्थता वरून अगदी सारखी दिसतात.

बिडी-सिगारेटचा मुद्दा अनेक प्रशिक्षणांत ‘धूम्रपान टाळा’ या दोन शब्दांत संपतो, पण परिचारिकेला त्यातील एक बारकावा कळणे गरजेचे आहे. तंबाखूच्या धुरातील घटक यकृतातील एका एन्झाइमचे काम वाढवतात आणि त्यामुळे क्लोझापिन व ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. रहिवाशाने धूम्रपान एकाएकी सोडले, किंवा धूम्रपानास बंदी असलेल्या रुग्णालयात तो दाखल झाला, तर त्याच डोसवर रक्तातील क्लोझापिनचे प्रमाण बरेच वाढू शकते. गुंगी, लाळ, फिट्स यांचा धोका वाढतो. म्हणून बिडी सोडवण्याचा कार्यक्रम डॉक्टरांना कळवूनच सुरू करावा. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याच्या किंवा मिश्री लावणाऱ्याच्या बाबतीत तो होत नाही, पण त्यांच्या हृदयाला आणि तोंडाला असलेला धोका कायम राहतो.

यानंतर येते ते स्वयंपाकघर, आणि मला विचाराल तर अर्धी लढाई तेथेच आहे. परिचारिकांना आहाराचे उत्तम ज्ञान दिले आणि भांड्यातला चहा तसाच गोड राहिला, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? बहुतेक केंद्रांत चहा साखर घालूनच पातेल्यात उकळतो. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे धरले तर जवळजवळ ५० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. दोन हजार कॅलरींच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली साखरेची वरची मर्यादा तेवढीच आहे. पातेल्यातील साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत नेली तर दोनएक महिन्यांत निम्मी होते आणि फारशी तक्रार येत नाही. तेलाचा हिशेब करायला महिन्याचे बिल काढावे, एकूण तेलाला जेवणाऱ्यांच्या संख्येने आणि महिन्याच्या दिवसांनी भागावे. बैठ्या माणसाला दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम पुरेसे असते, आणि हा भागाकार केल्यावर बहुतेक व्यवस्थापक स्वतःच स्वयंपाकघरात जातात. भाताचा डाव लहान करणे, उसळ आणि पालेभाजी रोज देणे, पोह्यांत शेंगदाणे आणि मटार वाढवणे, जेवताना वाटीभर काकडी किंवा कोबीची कोशिंबीर देणे, हे बदल खर्चात बसतात. क्लोझापिन घेणाऱ्यांना बद्धकोष्ठ होतो आणि तो कधीकधी जीवघेणा ठरतो, त्यामुळे भाज्या आणि पाणी यांचा त्यांना दुहेरी फायदा आहे. संध्याकाळी सहाला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता अशी रचना असेल तर मधे चौदा तास जातात. ओलान्झापिन घेणाऱ्या माणसाला एवढा वेळ उपाशी ठेवून वर त्याने बिस्किटे लपवून खाऊ नयेत अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. जेवण थोडे उशिरा करावे, किंवा नऊच्या सुमारास फुटाणे, ताक, भाजलेले मखाणे असे काही ठरवून द्यावे.

देणगीदारांच्या जेवणाबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण हा विषय कोणी सहसा काढत नाही. आपल्याकडे मुलाचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्तांनी लोक आपुलकीने संस्थेत गोडाचे जेवण देतात. मोठ्या शहराजवळच्या केंद्रात असे जेवण आठवड्यातून तीन-चारदाही होते. देणाऱ्याची भावना खरी असते आणि संस्थेला त्या पैशांची गरजही असते. अशा वेळी नकार देण्याऐवजी केंद्राने स्वतःची यादी तयार ठेवावी: फळे, अंडी, कडधान्ये, दूध, बुटांचे जोड, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, मोठा कफ असलेले रक्तदाबाचे यंत्र. गोड जेवण महिन्यातून अमुक दिवशी, असा नियमही करता येतो. नातेवाइकांचेही तसेच आहे. आई महिन्यातून एकदा येते आणि लाडूंचा डबा आणते, कारण मुलासाठी आणखी काय करावे हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्याशी बोलण्याचे काम परिचारिकेने करावे, आणि प्रशिक्षणात त्या बोलण्याचा सराव घ्यावा: ‘काकू, डबा नक्की आणा, पण या वेळी चार लाडू आणा आणि आल्यावर त्याच्याबरोबर मैदानाला दोन फेऱ्या मारा.’ कर्मचाऱ्यांनी चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून बिस्किटे, चहा किंवा बिडी देण्याची पद्धत कोठे असेल तर ती मात्र बंदच करावी.

हालचालीबाबत संशोधनातून मिळालेली एक गोष्ट फार बोधक आहे. ब्रिटनमधील ‘स्टेपवाइज’ या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या चारशेहून अधिक रुग्णांपैकी एका गटाला जीवनशैलीविषयी गटशिक्षण देण्यात आले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वर्षाअखेर त्यांच्या वजनात काहीच फरक पडलेला नव्हता. अमेरिकेतील ‘अचीव्ह’ अभ्यासात मात्र, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, पुनर्वसन केंद्रांतच नियमित गटव्यायाम, वजनाचे सत्र आणि वैयक्तिक पाठपुरावा दीड वर्ष चालू ठेवला होता. तेथे तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ३.२ किलो वजन अधिक उतरले. दोन्ही अभ्यासांची मांडणी वेगळी होती, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही; तरी मी त्यांतून एवढे घेते, की रहिवाशांना सांगण्याने फारसे होत नाही, त्यांच्यासोबत रोज करावे लागते. निवासी केंद्राला येथे मोठी सोय आहे, कारण माणसे तेथेच राहतात. सकाळच्या औषधांनंतर परिचारिकेसह अर्धा तास चालणे, बागकाम, संध्याकाळी लेझीम किंवा गाण्यांवर नाच, यांपैकी जे लोकांना आवडेल ते दिनक्रमात बसवावे. परिचारिका कडेला उभी राहून शिट्टी वाजवत असेल तर कोणी चालत नाही, ती सोबत चालली तर चालतात.

सक्तीची मर्यादाही शिकवावी लागते. ताटातून पोळी काढून घेणे, सर्वांसमोर वजन मोठ्याने वाचणे, व्यायामाला न आल्याबद्दल चहा बंद करणे, हे उपचार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक आणि प्रतिष्ठा मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याचा एक अर्थ तिची साखर वेळेवर तपासली जाण्याचा हक्क असा होतो आणि दुसरा अर्थ आपल्या ताटाबद्दल विचारले जाण्याचा हक्क असाही होतो.

औषधांबाबत परिचारिकेची भूमिका नेमकी सांगा. डोस कमी करणे, गोळी थांबवणे हे तिचे काम नाही, आणि ‘या गोळीने जाड झालास’ असे रहिवाशाला सांगून सोडणे तर धोकादायक आहे, कारण तो गोळी लपवू लागतो आणि आजार उलटतो. तिचे काम डॉक्टरांना निर्णय घेता येईल अशी माहिती देणे हे आहे. पर्याय डॉक्टरांकडे असतात: दुसरे औषध, दोन औषधांऐवजी एक, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची गोळी. फोनवर बोलण्याचा सराव मी वर्गात घेते. ‘डॉक्टर, पेशंटचे वजन वाढले आहे’ असे सांगितले की ‘बरं, पुढच्या वेळी पाहू’ हेच उत्तर येते. त्याऐवजी असे सांगावे: ‘वय चौतीस, आठ आठवड्यांपूर्वी ओलान्झापिन सुरू केले, तेव्हा वजन ५८ होते, आज ६३ आहे, घेर ९४, उपाशीपोटीची साखर ११२, वडिलांना मधुमेह आहे. मेटफॉर्मिन किंवा औषधबदल याबाबत आपला निर्णय हवा आहे. आपण या आठवड्यात पाहू शकाल का?’ हे संभाषण आणि मिळालेले उत्तर दोन्ही नोंदवहीत तारखेसह लिहावे.

प्रशिक्षणाची रचना आता सोपी होते. एक लांब दिवस नको. हँडओव्हरच्या वेळी वीस ते तीस मिनिटांची छोटी सत्रे, दोन महिन्यांत सहा-सात, प्रत्येक सत्र दोनदा, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिका सुटत नाहीत. प्रत्येक सत्रात आपल्याच केंद्रातील एका रहिवाशाची फाइल त्याच्या संमतीने उघडावी आणि पाच निकष, औषधे, मागील वजने पाहून पुढची कृती परिचारिकांनीच ठरवावी. जीएनएम किंवा एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम झालेली आणि केवळ अनुभवावर आलेली अशा तिन्ही प्रकारच्या व्यक्ती आपल्याकडे असतील. ट्रायग्लिसराइड्सची चर्चा सर्वांना सारखी लागू नसली तरी तहान, घेर आणि चहा या गोष्टी सर्वांना लागू आहेत. स्वयंपाकी आणि मामा-मावशी किमान दोन सत्रांना हवेतच. कर्मचारी वारंवार बदलतात, म्हणून एका परिचारिकेला या कामाची जबाबदारी द्यावी, तिच्या ड्यूटीत महिन्याला काही तास त्यासाठी मोकळे ठेवावेत आणि नव्या व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात तिने तयार करावे. चाचण्यांचा खर्च अडचणीचा असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा ग्रामीण रुग्णालयाशी बोलावे. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात होते आणि आपले रहिवासीही त्याच गावाचे नागरिक आहेत.

परिणाम मोजताना लेखी परीक्षेवर विसंबू नका. तीन महिन्यांनी दहा फायली कशाही क्रमाने काढा आणि त्यांत चारच गोष्टी पाहा: पाचही मोजमापे आहेत का, मर्यादा ओलांडलेली दिसली तेथे कृतीची नोंद आहे का, ती ठरलेल्या मुदतीत झाली का, आणि डॉक्टरांचा निर्णय लिहिलेला आहे का. मोजमापेच नसतील तर टेप, काटा, वेळ आणि सराव यांपैकी काय कमी पडते ते शोधा. मोजमापे आहेत पण कळवलेले नाही, तर फोनचा सराव पुन्हा घ्या आणि भिंतीवरचे पान वाचता येते का ते पाहा. कळवले आहे पण निर्णय नाही, तर परिचारिकांचा आणखी एक वर्ग घेण्यात अर्थ नाही. तेव्हा ती दहा फायलींची यादी घेऊन आपण स्वतः मनोविकारतज्ज्ञांसमोर बसा आणि दर महिन्याला एक तास केवळ या यादीसाठी ठरवून घ्या.